मेघा रंगारीच्या तीन मुलाखती

मेघा रंगारी टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा गेली, तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. एका मालिकेत तिने रंगवलेल्या मोलकरणीने घराघरांत धमाल उडवली होती. सूत्रधार म्हणाला, "जरा तुमच्या नागपुरीत बोला की!" ती म्हणाली, "मले काहून बोलावलं गा इथं?" लोक पोट धरून हसले. तीही हसली. घरी पोचल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं. आपण विनोद केलाच नव्हता, मग हे हसले कशाला?

पुढची दहा वर्षं मोलकरीणच. मालिकेगणिक नाव तेवढं बदलायचं. दुसऱ्या कार्यक्रमात तर कहर झाला. मागे बासरी लावून सूत्रसंचालिका डोळे पुसत सांगू लागली, "मेघाताईंच्या आईने चार घरची धुणीभांडी करून त्यांना वाढवलं." मेघाची आई, मीराबाई, कामठीच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. मेघाने तिथल्या तिथे सांगितलं, "हे साफ खोटं आहे." प्रक्षेपणात ते वाक्य कापलं. संतापाने लाल झालेला तिचा चेहरा मात्र ठेवला, खाली 'अश्रू अनावर' असं लिहून.

मीराबाईंचा फोन आला. "भांडी घासणं वाईट नाही, मेघा. पण जे मी केलं नाही, ते माझ्या नावावर काहून? माझ्या जुन्या विद्यार्थिनी विचारून राहिल्या मले."

"मी बोलली होती वं आई. त्यांनी कापलं."

मेघाने वाहिनीला चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. कामं येत राहिली, मोलकरणीचीच, आणि ती घेत राहिली. त्यासाठी ती स्वतःवरही चिडायची.

गेल्या वर्षी त्याच वाहिनीचा कार्यक्रम नागपुरात झाला, थेट प्रक्षेपण. सूत्रधार ऋषिकेशने तिच्या हातात झाडू दिला. "ताई, एकदा ती एंट्री होऊन जाऊ द्या!"

"नाही करत."

"अहो, लोक वाट बघतायत!"

तिने झाडू खाली टाकला. "बावीस वर्षांत एकानेही विचारलं नाही, की विनोद कसा बसवते, कुठं शिकली. माझी आई मुख्याध्यापिका होती. तुमच्या वाहिनीने तिला मोलकरीण करून टाकलं, कारण आमच्या घरात शिकलेली बाई असते, हे तुमच्या डोक्यातच शिरत नाही. आता कापा!"

लगेच जाहिराती लागल्या. निर्माता धावत आला. "विनोदी कलाकार तुम्ही, इतकं मनावर घेता?"

"विनोदी आहे म्हणूनच कळते मले, कोण कोणाले हसून राहिलं ते."

दोन मालिकांनी तिला काढलं. माफी कुणी मागितली नाही. ती कामठीला परतली आणि तिने स्वतःच एक फार्स लिहिला. त्यात ती एका खमक्या पोलीस निरीक्षकाचं काम करते. बुटीबोरीच्या प्रयोगाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आयोजक माइकवर म्हणाला, "आता येताहेत सर्वांची लाडकी मोलकरीण..."

"ए भाऊ!" पडद्याआडून मेघा कडाडली. "नाव घे माझं!"

त्याने घेतलं, आडनावासकट. मगच ती बाहेर आली.