आतून आवाज आला नाही म्हणजे होकार

घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी आवाजाची पेटीही काढली. जीव वाचला, हे खरं. पण मी अंगणात बोलले की वेशीपर्यंत ऐकू जायचं, आणि आता पाणी मागायलाही ताटलीवर चमचा वाजवावा लागतो.

मग एक शिकलेली बाई घरी आली. बोलता न येणाऱ्यांसाठी यंत्रं बनवते. तिने मला एक टॅब दिला. त्यावर चित्रांची बटणं. दाबलं की टॅब बोलतो, ‘मला पाणी हवं आहे’, ‘मला झोपायचं आहे’, ‘धन्यवाद’. सगळी बटणं मागायची, नाहीतर आभार मानायची. नकाराचं एकही नाही. म्हातारं माणूस एवढंच बोलतं, असं कुणी ठरवलं?

"बाकीचं टाइप करायचं, आजी," ती म्हणाली.

मी चौथी शिकलेली. अक्षरं येतात, पण त्यात जोडाक्षर कसं काढायचं ते कळत नाही. ‘क्ष’ तर कुठं लपवलाय देव जाणे. वरून टॅब आपल्याच मनाने शब्द सुचवतो. ‘पो’ लिहिलं की पोलीस पुढं करतो. बोट जरा थरथरलं की पोलीस लिहून मोकळा. आणि आवाज बातम्या सांगणाऱ्या पोरीचा, विशीतला. म्हातारीचा आवाज नाही का, हे मला विचारायचं होतं. लिहून होईपर्यंत ती बाई पालमची बस धरून निघून गेली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नातीला बघायला मानवतहून पाहुणे आले. मोठं दुकान, पोरगा एकुलता. पण त्यांना लग्न याच उन्हाळ्यात हवं होतं आणि पोरगी पुढं शिकायला नको होती. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. रोज एसटीने परभणीला जाते-येते. ती रडून थकली होती. मी लेकाला हातवारे करून दहादा सांगितलं, नाही म्हण.

"आई, तुज्या खुणा मला कळंनात," तो म्हणाला. चांगल्या कळत होत्या.

आमच्याकडं बैठकीत बाया बाहेर येत नाहीत. सुपारी फोडायच्या आधी बाहेरून विचारतात, आतून काय म्हणणं हाय? घरातली थोरली बाई दाराआडून बोलते. आतून आवाज आला नाही म्हणजे होकार. आता मला आवाजच नाही, म्हणजे माझा कायमचा होकार झाला.

मी टॅब घेऊन दाराआड बसले. ‘पोरीची’ लिहायला गेले, पोलीस आला. पुसला. परत पोलीस. बाहेर मुलाच्या मामाने विचारलं, "आतून काय म्हणणं हाय?"

"आमची आई बोलत न्हाई आता," लेक म्हणाला. "होकारच समजा."

मी ‘पोरीची’ हा शब्दच सोडला आणि जमेल तेवढं लिहून बटण दाबलं. त्या विशीतल्या आवाजात टॅब खणखणीत बोलला, ‘शाळा पुरी होऊ दे. तवर लगीन नाही.’

 मग मामा म्हणाला, "नवरीच बोलायलीय की आतून. लय धीट हाय. आमच्या घरी असं चालत न्हाई."

नात माझ्या शेजारी पदर तोंडात धरून बसली होती. तिने तर ‘अं’सुद्धा केलं नव्हतं. लेक उठून तिच्याकडं यायला लागला. मला टॅबचा असा राग आला की चुलीत घालावा. पण तोच हातात होता. सुनेने माझं लुगडं धरलं, ते सोडवून मी बाहेर गेले, मामासमोर बसले आणि त्याच्या डोळ्यांदेखत तेच बटण परत दाबलं.

मामाने माझ्या गळ्यातल्या भोकाकडं बघितलं, मग टॅबकडं. "म्हातारे, आवाज लय कवळा घेतलास की," तो म्हणाला. दोघं-तिघं हसले. "बरं, कवर थांबायचं आमी?"

मला ‘परीक्षा’ लिहायचं होतं. क्ष सापडेना. सगळे माझ्या बोटाकडं बघत बसले, चहावर साय धरली. लेक मधेच बोलायला लागला तर मामाने हात वर करून त्याला गप केलं. शेवटी लिहिलं, ‘पास होऊ दे.’

"तवर आमाला थांबता येत न्हाई," मामा म्हणाला आणि सुपारी परत खिशात टाकली.

पाहुणे गेल्यावर लेकाने माझ्याशी बोलणं टाकलं. घरात आता दोघं मुकी. नात म्हणाली, "आजी, ती मानसं गावभर सांगतेल, पोरगी तोंडाळ हाय म्हणून."

सांगू देत. सकाळी तिला एसटीला वेळेवर उठवलं, ताटली वाजवून.