चष्म्यासकट चंद्र

अत्तराचा वास आला की मला महाडला माझ्या शेजारी राहणाऱ्या, कायम अत्तर लावणाऱ्या चाचांचा ओटा आठवतो. आखातातली नोकरी संपवून परतलेल्या या चाचांना तिकडच्या वाळवंटात आकाश बघायचा नाद लागला होता. पहिली दुर्बीण घ्यायची म्हणून मी त्यांच्याकडे गेले आणि सर्वांत मोठं दाखवणारा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, कुठला, ते विचारलं. ते म्हणाले, "बघणार कोण?" मी म्हटलं, "मी आणि बाबा." "मग त्यांच्या चष्म्याचं काय?" ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाबांची नजर झपाट्याने कमी होत होती आणि जाड चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नसे. चाचांनी आपली दुर्बीण आणि रुंद काचेचा एक आयपीस माझ्या हवाली केला. "यातून जरा लहान दिसेल, पण चष्मा काढायला लागणार नाय. आधी त्यांना दाखव, मग विकत घे." त्याच संध्याकाळी पोलादपूरला बाबांकडे जाऊन घरच्या अंगणात मी दुर्बीण मांडली. आंबेनळीच्या डोंगरांवर चंद्र चढला होता. बाबा चष्म्यासकट वाकले. मग हळूच म्हणाले, "खड्डे हायत गो याच्यावर." पुढे त्यांची नजर पूर्ण गेली. आता घरी कुणी आलं की ते चंद्रावरचे खड्डे हातवारे करून समजावतात, आणि मी मनातल्या मनात चाचांचे आभार मानते.