बरी झालेली पोरगी

"ही बघा. आमची बरी झालेली."

कवठे महांकाळच्या त्या घरात आत्यानं मला पुढं ढकललं, बायकांसमोर नवा कुकर मांडावा तसं. आणि मी? मी त्यासाठी ड्रेसला इस्त्री करून गेले होते.

समोर एकोणीस वर्षांची मुलगी. मैत्रिणीबरोबर सापडलेली. गोळ्यांची पट्टी तिच्या आईच्या हातात. मुलगी गोळ्या घेईना, म्हणून मला साक्षीला आणलेलं.

खोड माझीच. तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या होस्टेलवर माझा एका मुलीवर जीव जडला. आम्हा दोघींचा फोटो तिला पाठवायचा, तो मी शहाणीनं घरच्या ग्रुपवर टाकला. चुलते, मामा, सगळ्यांनी पाहिला. माझे वडील, अप्पा, फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी मला कोरेगावला घरी आणलं आणि माझ्या खोलीची आतली कडी काढून टाकली. मग देवीला कौल लावला. मग गोळ्या. वर्षभर मी झोपले. एकदा तर आमटीच्या ताटावर.

पुढं कॉम्प्युटरच्या क्लासात एक मुलगा आवडला. खरंच आवडला. आणि ही बातमी मीच नाचत आईला सांगितली! आईनं देवीची ओटी भरली. "गुण आला गं बाई." कडी परत बसली. मुली आवडायच्या थांबल्या का, हे कुणी विचारलं नाही. थांबल्या नव्हत्या. मीही बोलले नाही. एका कडीसाठी मी बरी झाले.

ती मुलगी माझ्याकडं बघत होती. तिच्या मागं तिच्या खोलीचं उघडं दार. आतल्या बाजूला, कडीच्या जागी, चार भोकं.

"ताई, खरंच जातं व्हय हे?"

आत्यानं कोपर मारलं. पाठ करून आणलेलं 'हो' घशापर्यंत आलं.

"न्हाई जात," मी म्हणाले. "जायला तो आजार न्हाई. मला पोरगाबी आवडला, पोरीबी आवडत्यात. गोळ्यांनी नुसती झोप आली."

"आवं, आदी हिला भायेर काडा!" तिची आई ओरडली.

मुलगी मागं वळली. त्या भोकांवरून बोट फिरवत राहिली.

घरी पोचल्यावर आत्यानं अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या दारापाशी गेले. एकेक स्क्रू फरशीवर पडला. मी चारही उचलले. मुठीत धरले.

"दे हिकडं."

दिले नाहीत.

त्या मुलीचं काय झालं, आत्या सांगत नाही. नाव काढलं की उठून जाते. सोमवारी मी एकटी एसटीनं कवठे महांकाळला जाणार आहे. आत घेतलं नाही तर दारातून ओरडून सांगीन, गल्लीला ऐकू जाईल असं: न्हाई जात.

ड्रेसला इस्त्री करून ठेवलीय.