गुळव्याची जीभ

वरकुट्याचा सावळाराम गूळ करायचा तो जिभेनं. काहिलीत रस आटून तांबूस पाक झाला, बुडबुडे जड झाले, की तो लांब दांड्याच्या उलथन्यानं थेंबभर पाक उचलून गार पाण्याच्या परातीत सोडायचा. बोटांत त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. गोळी खड्यासारखी वाजली की खाली चुलाणाच्या तोंडाशी चिपाडं सारत बसलेल्या ज्ञानूला तो एकच शब्द टाकायचा, "ओढ." ज्ञानू जाळ ओढायचा. मग ती गोळी सावळाराम तोंडात टाकायचा आणि डोळे मिटायचा. काहिलीभोवतीची सहा माणसं त्याच्या पापण्या उघडायची वाट बघत उभी राहायची.

या जिभेसाठी त्यानं जन्मात तंबाखू खाल्ली नाही. हंगामाचे चार महिने तिखटही वर्ज्य. त्याची बायको द्वारकाबाई आल्यागेल्याला सांगायची, मला सासू मिळाली न्हाय, जीभ मिळाली. सासू परवडली असती. पण हंगाम संपल्यावर गुळव्याच्या हक्काच्या पाच ढेपी घरात आल्या की तीच त्या ढेपींना हात लावून आधी कपाळाला लावायची. ढेपीच्या साच्यात जे फडकं घालतात तेही तिचंच असे. जुन्या लुगड्याचे चौकोन फाडून ती द्यायची, आणि लुगड्याच्या काठाच्या तीन रेघा प्रत्येक ढेपीच्या बुडाला उमटायच्या.

गुऱ्हाळ रावजीचं होतं. सावळाराम तिथं रावजीच्या बापाच्या वेळेपासूनचा. रावजी त्याला तात्या म्हणायचा.

त्र्याण्णवच्या थंडीत एक दिवस गुऱ्हाळावर जीप आली. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, ऊस कमी होता, आणि कारखान्याला तो पुरत नव्हता. म्हणून वरून हुकूम निघाला होता : कारखान्याचं गाळप संपेपर्यंत त्याच्या हद्दीत एकही गुऱ्हाळ चालणार नाही. जीपमधून दोन साहेब उतरले. त्यांनी इंजिनाचा पट्टा काढून घेतला आणि इंजिनावर लाखेचा शिक्का मारला. त्या वेळी काहिलीत पाक होता. सावळाराम हात जोडून म्हणाला, एवढी काहील उतरवू द्या, अर्धा तास. साहेबानं सांगितलं की हुकमात अर्धा तास लिहिलेला नाही. ज्ञानूनं चुलाणात पाणी ओतलं. तो पाक तसाच काहिलीत बसला, करपून दगड झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहारीनं फोडून काढावा लागला. 

जाता जाता साहेबानं कडेच्या ढेपीचा कोपरा मोडून तोंडात टाकला. त्याचेही डोळे मिटले. मग चार ढेपी जीपमध्ये गेल्या, आणि त्या कशाखाली गेल्या हे रावजीनं विचारलं नाही.

पुढली चार वर्षं दर साली हाच हुकूम निघत राहिला, आणि ऊस कारखान्यालाच जायचा. तुमचा ऊस कुणाला द्यायचा हे तुम्ही नव्हे, नकाशानं ठरवलेलं होतं. तोडीची चिठ्ठी कारखान्याला वाटेल तेव्हा यायची. सावळारामचा स्वतःचा एकरभर ऊस एका साली चैत्रापर्यंत उभा राहिला. त्याला तुरे आले, आतून भेंड पडली, उंदरांनी बुडखे खाल्ले. तरी दर तोच. ज्यानं शेणखत घालून ऊस गोड केला त्याला तोच, आणि ज्यानं तोडीच्या आधी पाणी सोडून वजन फुगवलं त्यालाही तोच. सावळारामला चीड यायची ती याची. चांगलं करायला मनाई नव्हती. चांगलं करायला कारणच उरलं नव्हतं. तो लोकांच्या रानात खुरपायला जायचा, उलथनं माळ्यावर टाकलेलं होतं, आणि बांधावर बसून ज्ञानूला सांगायचा की एकदा बाजार मोकळा होऊ दे. बाजारात चांगल्याला चांगलं म्हणत्यात. तिथं माणूस चाखतो, मग पैसे देतो.

ज्ञानू बौद्धवाड्यातला. त्याचा मोठा मुलगा वालचंदनगरला नोकरीला लागला होता आणि बापानं आता चुलाणापुढं बसू नये म्हणत होता. ज्ञानू बाजाराबद्दल फार बोलायचा नाही. त्याच्या बापाला बाजारात पैसे हातात कधी मिळाले नव्हते, लांबून जमिनीवर टाकलेले उचलावे लागले होते. तो एवढंच म्हणायचा, "बघू. जीभ तुझी हाय, बाजार त्यांचा."

सत्त्याण्णवला झोनबंदी उठली. ऊस कुणालाही घाला, गूळ करा, कुणी जीप घेऊन येणार नाही. रावजीनं इंजिनाला तेल दिलं, नवा पट्टा आणला. सावळारामनं माळ्यावरचं उलथनं काढलं, राखेनं घासलं, आणि दिवाळीनंतर पहिल्या दिवशी काहिलीला कुंकू लावलं. द्वारकाबाईनं त्या रात्रीपासून तिखट बंद केलं.

पण चार वर्षांत जमीन बदलली होती. पाटाचं पाणी ढोसून ढोसून रानं खारवली होती, युरियानं ऊस जाडजूड झाला होता. रानभेंडीचा चीक घालून सावळारामनं मळी काढली, चुना बेतानं टाकला, तरी गूळ काळपट उतरला. चवीला मात्र खणखणीत. खाल्ल्यावर घशात ऊब उरायची.

पहिला माल घेऊन रावजी बारामतीच्या मार्केट यार्डात गेला आणि तोंड पाडून परत आला. मालाला बोलीच झाली नाही. शेवटी कुणीतरी घ्यायचा म्हणून घेतला. ज्या शेठनं घेतला त्यानं फुकट सल्लाही दिला होता. रावजीनं पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. आत पांढरी भुकटी. हायड्रोस म्हणतात, तो म्हणाला, सगळे घालतात, काहिलीला दोन मुठी, गूळ हळदीसारखा पिवळा. सावळारामनं डबा हुंगला. जळलेल्या काडेपेटीचा वास. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि बाजूला जाऊन चारदा चूळ भरली.

"हे खायचं न्हाय," तो म्हणाला.

"आपल्याला कुठं खायचंय, तात्या," रावजी म्हणाला. "आपल्याला विकायचंय."

दोघांची त्या दिवशी बरीच बोलाचाली झाली. रावजी वाईट माणूस नव्हता. त्यानं हिशेब मांडला नाही, एवढंच सांगितलं की असाच माल गेला तर माघात गुऱ्हाळ बंद पडेल, आणि या वेळी शिक्का मारायला कुणी यायचंही नाही. शेवटी पैज ठरली. एक काहील भुकटीची, एक सावळारामची. दोन्ही एकाच दिवशी, एकाच रानातल्या उसाच्या. दोन्ही ढेपी शेजारी मांडायच्या आणि सावळारामनं स्वतः यार्डात उभं राहायचं. त्याच्या गुळाला पिवळ्याच्या थोडासा खाली का होईना भाव आला, तर डबा पाटात फेकायचा. नाही आला, तर पुन्हा त्या डब्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

सावळारामनं त्या काहिलीला आयुष्यात घातली नव्हती तेवढी मेहनत घातली. तीनदा मळी काढली. ज्ञानूला जाळासाठी शिव्या दिल्या. गोळी तोंडात टाकून डोळे मिटले आणि उघडले तेव्हा ज्ञानूनं खालून विचारलं, "काय म्हणती?" सावळाराम हसला. भुकटीच्या काहिलीच्या वेळी तो लांब चिंचेखाली जाऊन बसला. ती रावजीनं स्वतः उतरवली.

यार्डात तो पहिल्यांदाच लिलाव बघत होता. घोळका एका ढिगाकडून दुसऱ्याकडे सरकत होता. मध्ये शेठ, पांढरा सदरा, हातात लोखंडी सळई. सळईनं ढेपीचा कोपरा उडवायचा, टवका उन्हात धरायचा, रंग बघायचा, टाकून द्यायचा. सावळाराम प्रत्येक हाताकडे बघत राहिला. टवका तोंडाकडे जाईल म्हणून. वीस-पंचवीस ढीग झाले. एकाही माणसानं गूळ तोंडात टाकला नाही. पायाखाली टवक्यांचा चिखल झाला होता, त्यावर माश्या, आणि लोक तो तुडवत पुढं जात होते.

रावजीच्या पिवळ्या ढेपींपाशी बोली चढत गेली, आवाज वाढले. शेजारच्या काळ्या ढेपींपाशी घोळका आला तसा आवाजच गेला. कुणी वाईट म्हणालं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही. सावळारामला वाटलं आपण पुढं व्हावं, टवका हातावर द्यावा. तो पुढं झालाही. म्हणाला, "शेठ, खाऊन बघा की." दोघंतिघं हसले, उगाच, मनात वाईट नसताना हसतात तसे. घोळका पुढं सरकला.

दुपारनंतर एकजण आला, कळकट टॉवेल गळ्यात, डोळे तांबारलेले. हातभट्टीवाला. त्याला रंगाचं काही नव्हतं, गूळ कुजवायचाच होता. त्यानं पिवळ्याच्या निम्म्यानं सगळ्या काळ्या ढेपी मागितल्या. रावजीनं सावळारामकडे बघितलं नाही आणि मान हलवली.

ढेपी गाडीत चढत असताना शेठ चालत आला. रावजीच्या खांद्यावर हात टाकला आणि हळू आवाजात म्हणाला की त्यातल्या दोन ढेपी बाजूला काढ. आमच्या आईला हाच लागतो. घरी दुसरा गूळ चालत नाही.

सावळारामनं ते ऐकलं. "शेठ," तो म्हणाला, "घरी हा खाता, मग बोली का लावली न्हाय?"

शेठ रागावला नाही. त्यानं सावळारामच्या पायांकडे, मग तोंडाकडे बघितलं. "तात्या, घरात खाणारा मी," तो म्हणाला. "दुकानात खाणारा दुसरा. तो डोळ्यानं खातो, त्याला मी काय करू? त्याला पिवळा पाहिजे."

"त्याला कुणी सांगितलं पिवळा चांगला म्हणून?"

"कुणीच न्हाय," शेठ साधेपणानं म्हणाला.

रावजीनं दोन ढेपी काढून दिल्या. सावळारामला जीपमधला साहेब आठवला. त्यानं ढेप चोरली होती, पण सगळ्यांसमोर खाल्ली तरी होती.

 दोघं टेम्पोतून गुऱ्हाळावर उतरल्यावर ज्ञानूनं तोंडं बघून सगळं ओळखलं. सावळारामनं त्याला सांगितलं तेव्हा त्यानं चिपाडं खालीवर केली. मग म्हणाला, "जीपवाला वरडून सांगायचा. त्याला शिव्या तरी देता येत व्हत्या. ह्यो बाजार सांगतच न्हाय काय. नुसता गप बसतो. गप बसणाऱ्याचं लवकर ऐकावं लागतं बघ."

दुसऱ्या दिवसापासून सावळारामनं दोन मुठी भुकटी स्वतःच्या हातानं घातली. तो घालणार नसता तर रावजी दुसरा गुळव्या आणणार होता. पलीकडच्या गावात दोघं बसूनच होते. भुकटी पडली की पाक फसफसून उजळायचा, एखादा मेलेला डोळा उघडावा तसा. वास नाकात बसायचा, घरी आला तरी जायचा नाही. गोळी तो अजून वळायचा, काठावर वाजवायचा. तोंडात मात्र टाकायचा नाही. परातीतच सोडून द्यायचा. नरसिंहपूरला देवाला निघालेली माणसं वाटेत गुऱ्हाळावर थांबायची, कारण गुऱ्हाळावर गुळाला कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. सावळाराम त्यांना उसाचा रस पाजायचा आणि गूळ अजून गरम आहे म्हणून सांगायचा. लोक जाताना रावजीच्या कंजूषपणाबद्दल बोलत जायचे. ते ऐकून रावजी खाली बघायचा. माल मात्र यार्डात उभ्या उभ्या जात होता. द्वारकाबाईला नवरा एकाएकी तिखट मागू लागला याचं नवल वाटलं. तिनं भाकरीवर ठेचा वाढला. त्यानं खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, तरी खाल्ला.

हंगाम संपला. रावजीनं पाच ढेपी काढून ठेवल्या तेव्हा सावळाराम म्हणाला, औंदा नगं. काळ्यातली एकही उरली नव्हती. घरी त्यानं काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, दोन मुठींसकट.

होळीच्या दिवशी तो रानातून आला तेव्हा घरभर पुरणाचा वास होता. नात निकिता चुलीपाशी बसून हरभऱ्याची डाळ गुळात घोटली जाताना बघत होती. द्वारकाबाई खुशीत होती. बाई काय करणार, ती म्हणाली, गुऱ्हाळ चालू होऊनबी गुळव्याच्या घरात गूळ न्हाय, म्हणून इंदापूरच्या बाजारातनं आणला. आणि आणला तर चांगलाच आणला. मागं घरच्या गुळाचं पुरण काळं व्हायचं, पाव्हण्यांपुढं ठेवायची लाज वाटायची.

उरलेली अर्धी ढेप परातीत पालथी पडली होती. पिवळीधमक. तिच्या बुडाला लुगड्याच्या काठाच्या तीन रेघा होत्या.

सावळारामनं त्या रेघांवरून अंगठा फिरवला. बायकोकडे बघितलं. ती पोळी लाटत होती. तिनं ढेप पालथी करून बघितलीच नव्हती. तीसुद्धा रंगच बघून आली होती.

"आज्जा, दुकानातला गूळ लई भारी," निकिता म्हणाली. "तुमच्यासारखा काळा न्हाय."

द्वारकाबाईनं पोळीवर तूप सोडून ताट त्याच्यापुढं सरकवलं. पोरीनंही तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. आजोबानं डोळे मिटायची वाट बघत बसली, घरात गोड झालं की दर वेळी बघायची तशी. सावळारामनं घास तोंडात टाकला. आधी गोड लागलं. मग मागून जिभेच्या बुडाशी काडेपेटी ओढल्यासारखं झालं आणि तिथंच राहिलं. घास थुंकायला अंगण चार पावलांवर होतं. तो उठला नाही. त्यानं घास गिळला आणि डोळे मिटले.

"गोड हाय ना?" पोरीनं विचारलं.

"व्हय," सावळाराम म्हणाला.

मग तीही खाऊ लागली.