लुगड्याआडची गाठ

हिंगाचा वास आला की घाटकोपरच्या चाळीतली ती दुपार आठवते. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. वडिलांची म्हातारी आत्या पोट धरून कळवळत, ओकत होती. अजीर्ण समजून आईने बेंबीवर हिंग लावला होता. उतार पडेना म्हणून बोलावलेल्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, मग लुगडं सैल करायला सांगितलं. "मेलंय तरी चलात, जांघ दाखवचंय नाय!" आत्या मालवणीत ओरडली. डॉक्टर पाठ फिरवून मला म्हणाले, "पोरी, तू बघ. गाठ लागते का?" लुगड्याखाली हात घातला, तर जांघेत लिंबाएवढी टणक गाठ लागली. मी सांगताच डॉक्टर म्हणाले, "हर्निया आहे, त्या गाठीत आतडं अडकलंय. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या!" ऑपरेशन झालं, आत्या वाचली. अजूनही कुणाचं पोट दुखलं की मी हळूच विचारते, "सांगायला लाज वाटते असं आणखी कुठे दुखतंय का?"