सरासरीत बसलेला समतोल

"मॅडम, घट्ट धरा!" स्टीअरिंगवरचा रामा परब ओरडला आणि त्याने ब्रेक दाबला. भरलेला टिपर तरीही चार हात पुढे घसरला. ओढ्यावरच्या अरुंद मोरीवर समोरून रिकामा परतणारा दुसरा टिपर आला होता. मध्ये जेमतेम हातभर जागा उरली. पाव घेऊन चाललेल्या पदेराने सायकल कुंपणात घातली होती. दोन्ही ट्रकना या रस्त्याने माझ्याच ॲपने पाठवलं होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. गाव लाटंबार्से, ऑफिस डिचोलीत. ट्रकांना रस्ता दाखवणारं ॲप मी लिहिलेलं. सुर्ल्याच्या खाणीवरून खनिज घेऊन जेटीकडे जायला तीन रस्ते: माळावरचा, देवळाकडचा आणि मोरी ओलांडून शाळेवरून जाणारा. जेटीवर आधी पोचेल त्याचा नंबर आधी, मागचा थांबणार. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा. म्हणून प्रत्येक ट्रकचं ॲप स्वतः शिकायचं. गेल्या फेरीत कुठे अडकलो ते बघून पुढच्या फेरीला रस्ता बदलायचं. हा त्याला अडवतो, तो तिसऱ्याला, असं ते जाळं. सगळे शिकत गेले की शेवटी रस्ता बदलून कुणालाच फायदा उरत नाही. त्याला इक्विलिब्रियम म्हणतात, समतोल.

ऑफिसात माझे वरिष्ठ नाईक सर, त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "अगो, समतोल आलाय की! तिन्ही रस्त्यांवर सारखे ट्रक."

"सर, ही आठवड्याची सरासरी आहे. रामा काय म्हणतो ठाऊक आहे? सकाळी सगळे मोरीर, मगे सगळे माळार."

"ड्रायव्हर कुरकुरतातच."

मी सरासरी बाजूला ठेवून एकेक फेरी काढली. रामा बरोबर होता. माळावर गर्दी झाली की सगळी ॲपं देवळाकडे पळायची, तिथे गर्दी झाली की मोरीकडे, मग पुन्हा माळावर. सगळे एकमेकांच्या कालच्या चालीमागे धावत होते. गोलगोल. शिवाय प्रत्येक फेरीत झोका वाढत होता. बेरीज करून भागलं की मात्र सगळं सुरेख सारखं दिसायचं.

हाच झोका मी उद्यापर्यंत वाढवून पाहिला. सगळ्यात मोठी लाट मोरीच्या रस्त्यावर दीडच्या सुमारास येत होती. दीडला शाळा सुटते.

"सर, उद्या शाळेकडचा रस्ता बंद करा."

"जेटीवर खनिज न्यायला बार्ज थांबलेत. तुला खात्री आहे?"

"खात्री नाही. भीती वाटते."

त्यांनी थांबलेल्या बार्जची यादी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "कर बंद."

मी ॲपमधून रस्ता काढून टाकला, तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी एक वाजता शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. रामाला फोन करून मोरी अडवायला सांगितलं. काही न विचारता त्याने रिकामा टिपर मोरीच्या तोंडाशी आडवा लावला.

घंटा झाली. मुलं बाहेर पडली. तेवढ्यात पलीकडच्या वळणावरून इंजिनाचा आवाज आला. भरलेला टिपर. रामाची गाडी दिसताच त्याने कचकन ब्रेक मारला. मागे आणखी दोघे थांबले.

"खय चललंस रे?" रामा ओरडला.

ड्रायव्हरने फोन दाखवला. खाणीत रेंज नसल्यामुळे तिघांनाही नवा बदल पोचला नव्हता. मुलं त्यांच्याकडे बघत निघून गेली. मी फाटकापाशी खाली बसले.

पुढच्या आठवड्यात दुरुस्ती केली. आता ॲप फक्त गेल्या फेरीवर उडी मारत नाही. बाकीचे कुठे कलतायत त्याचा अंदाज घेतं आणि पाऊल लहान टाकतं, म्हणजे थोड्याच फेऱ्या दुसरीकडे वळवतं. हळूहळू झोका विरला. फेऱ्या खरोखरच स्थिरावल्या. शाळेच्या वेळा मात्र आम्ही कुठल्याच शिकण्यावर सोडल्या नाहीत. त्या वेळेत तो रस्ता बंदच; रेंज नसली तरी चालेल असा नियम फोनमध्येच बसवला.

नाईक सर अजून सरासरी मागतात. मी देते, पण तिच्या वर त्या दिवसातली सर्वांत वाईट वेळ लिहिते. मोरीवर सरासरी येत नाही, टिपर येतो.