बारा नंबरचं थडगं

पाथरवटाचं जगातल्या बहुतेक माणसांबद्दल मत वाईट होतं, आणि शिकलेल्यांबद्दल तर फारच वाईट. पस्तीस वर्षं तो चर्चच्या आवारातल्या जुन्या दगडी थडग्यांची डागडुजी करत आला होता. कललेलं सरळ करायचं, फुटलेली कड बसवायची, शेवाळ खरवडायचं. मेलेल्यांशी त्याचं बरं जमे, कारण ते मधेमधे अक्कल शिकवायला येत नसत.

आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, त्याची कामाची जागा होती. एका मोडून पडलेल्या थडग्याचे दगड जोडून त्याने तिथे हत्यारं ठेवायला लांबट पेटी केली होती, वर जाड झाकण. सकाळी छिन्नीला धार लावली की झाकणावर दोनचार घाव मारून ती पारखायची, हा त्याचा शिरस्ता. पस्तीस वर्षांत झाकणभर रेघोट्या झाल्या होत्या. दुपारी बायको डबा घेऊन यायची आणि त्याच झाकणावर दोघं जेवायची. "पुन्हा भाजीत कच लागली," असं ती रोज कुरकुरायची आणि दुसऱ्या दिवशी तिथेच येऊन बसायची.

गेल्या वर्षी ती गेली. तेव्हाच्या फादरांच्या हातापाया पडून त्याने तिच्यासाठी त्या कोपऱ्यातलीच जागा मिळवली, पेटीपासून आठ पावलांवर. आयुष्यात तो कोणाच्या पाया पडला असेल तर तेवढ्यापुरता. दगडही स्वतःच घडवला. नावाची पहिली दोन अक्षरं कोरून झाली आणि तो तापाने आडवा झाला.

तीन आठवड्यांनी काठी टेकत आला, तर पेटीभोवती लोखंडी कठडा! झाकणाला सरकारी सील आणि पुढे पाटी: 'संरक्षित थडगे क्रमांक बारा. झाकणावर अज्ञात लिपीतील चिन्हे. हात लावणे अथवा उघडणे हा गुन्हा आहे.'

पाटी त्याने दोनदा वाचली आणि खोकला लागेपर्यंत हसला. जुन्या थडग्यांना कायद्याचं संरक्षण मिळणार हे त्याच्या कानावर होतं. पण मोजणीला आलेल्या साहेबांना माहिती द्यायला तो हजर नव्हता, आणि फादर नवे, त्यांना थडगं आणि बसायचा बाक यातला फरक कळला तरी पुष्कळ.

घरी येऊन त्याने मुलीपुढे तोंड सोडलं. "चार नंबरचं खरं थडगं आज पडेल की उद्या, त्याला नुसती पाटी. आणि माझ्या हातोड्याला कठडा! डोकी काय घरी ठेवून मोजायला आले होते?"

"मग बाबा, बाजारातून दुसऱ्या छिन्न्या आणा ना."

"तुझ्या आईचं निम्मं नाव एका धारेचं आणि निम्मं भलत्याच? शोभेल का?"

"तर मग अर्ज करा. पेटी तुमची आहे, सांगून टाका."

"सांगणारच. चारचौघांत सांगणार. त्या साहेबाचं तोंड कसं पडतं ते बघायचंय मला."

अर्ज मुलीने लिहिला. शिव्या तेवढ्या गाळल्या.

साहेब पाहणीला आले त्या दिवशी अर्ज खिशात घालून, दाढीबिढी करून पाथरवट कठड्यापाशी उभा राहिला. साहेब आणि फादर नकाशा पसरून बोलत होते. फादर म्हणत होते, "आता थडगी बघायला लोक येणार. गाड्या लावायला हा कोपरा सपाट करू. इथल्या चारदोन साध्या कबरी गावाबाहेरच्या दफनभूमीत हलवता येतील."

चारदोन साध्या कबरी! पाथरवटाने आठ पावलांवरच्या दगडाकडे पाहिलं.

साहेबांनी मान हलवली. "नाही चालणार, फादर. संरक्षित थडग्यापासून वीस पावलांत कुदळ लावायची नाही, दगडाला छिन्नी लावायची नाही. जे जसं आहे ते तसंच राहणार. हे बारा नंबर नसतं, तर कोपरा तुमचाच होता."

मग त्यांची नजर पाथरवटाकडे गेली. "तुम्ही इथले जुने ना? या थडग्याबद्दल काही सांगू शकाल?"

साहेबांच्या चष्म्यावर धूळ होती आणि चेहऱ्यावर शहाणपण नुसतं ओसंडत होतं. नुसतं एक वाक्य बोलायचा अवकाश, की ते सगळं उतरलं असतं. असं वाक्य बोलायची संधी पाथरवटाने जन्मात कधी सोडली नव्हती. खिशातला कागद त्याने मुठीत चुरगाळला.

"फार जुनं आहे, साहेब," तो म्हणाला.

"तरी किती?"

"माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं."

साहेबांनी ते अगदी मन लावून टिपून घेतलं. "आणि ही चिन्हं?"

"ती ओळखणारं एकच माणूस होतं. ते गेलं."

"अरेरे," साहेब म्हणाले आणि तेही टिपून घेतलं. गाढव कुठले! पण त्या गाढवाला पाथरवटाने वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "दिलात अर्ज?"

"नाही."

त्याने झालं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बाबा, आईचं नाव?"

"दोन अक्षरं आहेत ना," पाथरवट म्हणाला. "पुढचं मला पाठ आहे."